टॅपेट सेट करायचाय? आधी हातातला पाना बघा

टॅपेट सेट करणं म्हणजे इंजिनातला व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातला बारीक गॅप जुळवणं. यावेळी आलेल्या प्रश्नांमध्ये त्याचे प्रश्न इतके होते की बाकी सगळे पुढच्या अंकाला ढकललेत. ब्रेक, चेन, बॅटरीवाल्यांनी थोडी कळ काढा. आणि टॅपेटवाल्यांचं म्हणाल तर प्रत्येकाची तक्रार वेगळी दिसते पण निम्म्याहून जास्त लोकांचं दुखणं एकच आहे, हत्यार चुकीचं वापरलंय.

प्रश्न : माझी 125 सीसीची बाईक आहे. टॅपेट घरीच सेट करतो. लॉकनटला (स्क्रू जखडून ठेवणाऱ्या नटला) साधा पाना लावतो आणि गॅप कमीजास्त करणाऱ्या स्क्रूचं छोटं चौकोनी डोकं नोज प्लायरने धरतो. फिलर गेज (ठराविक जाडीच्या पातळ पट्ट्या) टाकून 0.08 मिमी बरोबर सेट होतं पण नट टाईट केला की गॅप कमी होतो, परत ढिला करा परत सेट करा, असं चालूच राहतं. आता ते चौकोनी डोकंही गोल व्हायला लागलंय. माझं काय चुकतंय?

उत्तर : पद्धत बरोबर आहे तुमची, फक्त प्लायर सोडा. जरा हिशोब करून बघू म्हणजे पटेल. या छोट्या टॅपेट स्क्रूचे आटे खूप बारीक असतात, बऱ्याच इंजिनांत 0.5 मिमी पिचचे. म्हणजे स्क्रूचा एक पूर्ण फेरा झाला की तो अर्धा मिलिमीटर खाली जातो. मग नट आवळताना स्क्रू प्लायरमधून निसटून नुसता 20 अंश जरी फिरला, म्हणजे घड्याळाच्या मिनिट काट्याने चार मिनिटंही पुढे न जावं एवढा, तरी गॅप जवळजवळ 0.03 ने बदलतो. तुम्हाला ठेवायचाय 0.08, त्यातला तिसरा हिस्सा एका झटक्यात गेला.

आणि जातो तो नेमका वाईट बाजूला. नट आवळताना आपण उजवीकडे फिरवतो, नट स्क्रूला आपल्याबरोबर ओढतो, स्क्रूही उजवीकडे फिरतो, उजवीकडे फिरला की खाली जातो आणि गॅप कमी होतो. स्क्रू पक्का धरलेला असेल तर उलटं होतं, नट त्याला आट्यांमधली ढिलाई काढत किंचित वर खेचतो आणि गॅप अगदी थोडासा वाढतो. म्हणजे आवळल्यावर दरवेळी गॅप कमीच होतोय याचा अर्थ सरळ आहे, स्क्रू तुमच्या हातात स्थिर राहत नाहीये.

यासाठी जे हत्यार मिळतं त्याला टॅपेट टूल किंवा टॅपेट की म्हणतात. त्यात दोन भाग असतात, बाहेरून रिंग पाना किंवा सॉकेट, तो लॉकनटवर बसतो, आणि त्याच्या मधल्या भोकातून खाली जाणारी एक छोटी दांडी, तिच्या टोकाला स्क्रूच्या डोक्याच्या मापाचा चौकोनी खाचा. दांडीला वरून मूठ असते. एका हाताने मूठ जिथल्या तिथे धरायची, दुसऱ्या हाताने नट फिरवायचा, दोन्ही एकाच रेषेत असल्यामुळे स्क्रू कुठे पळत नाही. काही इंजिनांत चौकोनी डोक्याऐवजी खाच असते, तिथे दांडीच्या जागी स्क्रू ड्रायव्हरचं टोक असलेलं टूल लागतं, ते वेगळं घ्या. विकत घेण्याआधी दोन मापं नक्की घ्या, लॉकनटचं (छोट्या बाइकवर सहसा 8, 9 किंवा 10 मिमी) आणि चौकोनी डोक्याचं (बहुतेक 3 किंवा 4 मिमी). हे माप अंदाजाने घेऊ नका. 4 चा खाचा 3 च्या डोक्यावर बसवला तर तो सैल फिरणार, कोपरे खाणार, आणि तुम्ही पुन्हा प्लायरच्याच गावाला जाणार.

टूल हातात आल्यावर खाचा डोक्यावर बसवून डावीउजवीकडे हलवून बघा. त्यात जेवढा प्ले असेल तेवढी चूक गॅपमध्ये येणारच, म्हणून घट्ट बसणारं टूल आणि सैल बसणारं टूल यात मला फार फरक वाटतो, दिसायला दोन्ही सारखीच दिसतात. प्ले थोडा असेलच तर मूठ आधी उजवीकडे टेकवून मग तिथेच धरू नका, डावीकडे टेकवून धरा, म्हणजे नट स्क्रूला उजवीकडे ओढायला लागला की दांडी लगेच अडवते.

तुमचं डोकं गोल व्हायला लागलंय म्हणताय तर आता तो स्क्रू आणि त्याचा नट बदलूनच टाका. छोटा पार्ट आहे. गोल झालेला स्क्रू कुठल्याच टूलने नीट धरला जात नाही आणि पुढे कधी नट जाम झाला तर रॉकर काढायची वेळ येते. रॉकर काढण्यापेक्षा आज स्क्रू बदलणं कितीतरी सोपं.

नट आवळताना फिलर गेजची पट्टी गॅपमध्ये तशीच राहू द्या, आवळून झालं की ती काढून पुन्हा घालून बघा. हे शेवटचं मोजणं सोडू नका. नट ढिला असतानाचा गॅप काही उपयोगाचा नाही, बाईक धावणार आहे ती नट आवळल्यानंतरच्या गॅपवर.

प्रश्न : फिलर गेजची पट्टी किती घट्ट सरकायला हवी? कोणी म्हणतं अडकत जायला हवी, कोणी म्हणतं सहज जायला हवी. मॅन्युअलमध्ये 0.08 च्या पुढे प्लस-मायनस 0.02 लिहिलंय, मग मी नक्की काय धरू?

उत्तर : हाताच्या अंदाजावर भांडत बसण्यापेक्षा दोन पट्ट्यांनी मोजा, वाद संपतो. 0.08 ची पट्टी थोडी घासत, पण न वाकता सरकली पाहिजे आणि 0.10 ची जायला नको. जोर लावल्यावर जाते म्हणजे जाते असं धरू नका, पातळ पट्टी जोराने कुठेही घुसते कारण ती ढकलताना तुम्ही रॉकरवर आणि तेलाच्या थरावर दाब देता. काही फिलर गेजच्या पट्ट्या टोकाला एका मापाच्या आणि मागे थोड्या जाड अशा पायरीच्या मिळतात, टोक जातं आणि पायरी अडकते की काम झालं. नवशिक्यांसाठी माझ्या मते याच सगळ्यात चांगल्या.

पट्टी पुसून घ्या, गॅपच्या दोन्ही बाजूंनाही तेल असतं, ते पट्टी एक-दोनदा आतबाहेर केली की बाजूला होतं. एकदा चुरगळलेली किंवा दुमडलेली पट्टी परत सरळ करून वापरू नका, जिथे घडी पडली तिथे ती जाड झालेली असते. जवळ मायक्रोमीटर असेल तर पट्ट्या एकदा मोजून घ्या, स्वस्तातल्या संचात छापलेला आकडा आणि खरी जाडी जुळेलच असं नाही. आणि माप जुळवायला तीन-चार पट्ट्या एकावर एक ठेवू नका, मध्ये तेल आणि हवा राहते, एक पट्टी उत्तम, दोन चालतील.

टॅपेटच्या झाकणाचं भोक लहान असतं, सरळ पट्टी तिथे तिरकी घुसते आणि मग घट्ट लागते, गॅप मात्र कमी नसतो. टोकाला वाकवलेल्या पट्ट्यांचा संच घ्या आणि पट्टी व्हॉल्व्हच्या टोकाला समांतर, सपाट जातेय ना ते बघा. जागाच अडचणीची असेल तर अरुंद पट्टी बघा.

आणखी एक गोष्ट, इंच आणि मिलिमीटर. बऱ्याच गेजवर दोन्ही आकडे छापलेले असतात. 0.10 मिमी म्हणजे 0.004 इंच, आणि 0.010 इंच म्हणजे 0.25 मिमी. घाईत शून्यं मोजायला चुकलं की अडीचपट गॅप ठेवला जातो आणि मग इंजिन खडखडायला लागलं की लोक चेनवर, पिस्टनवर संशय घेतात.

बरं, गेज बरोबर, हात बरोबर, तरी आवाज जास्तच येतोय असं असेल तर स्क्रूचं खालचं टोक बघा, जे व्हॉल्व्हवर टेकतं ते. फार चाललेल्या इंजिनात तिथे खळगा पडलेला असतो. सपाट पट्टी त्या खळग्याच्या दोन्ही काठांवर टेकून जाते, खळग्याची खोली ती मोजतच नाही, म्हणून गेज 0.08 सांगतं आणि खरा गॅप त्याहून मोठा असतो. अशा वेळी स्क्रू बदला, मग मोजा. खळगा व्हॉल्व्हच्या टोकालाच पडला असेल तर मात्र काम हेड उघडण्याचं आहे.

प्रश्न : टॉपवर आणून सेट करायचं म्हणतात पण फ्लायव्हीलवर दोन खुणा दिसतात, टी आणि एफ. आणि टी जुळवली तरी कधी कधी रॉकर अजिबात हलत नाही.

उत्तर : टी म्हणजे पिस्टन सगळ्यात वर. एफ म्हणजे ठिणगी पडण्याची खूण, ती टीच्या थोडी आधी येते, आपल्याला टी हवी. आता रॉकर न हलण्याचं कारण असं की फोर स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅम (रॉकरला उचलणारा शाफ्ट) एकदाच फिरतो, त्यामुळे पिस्टन दोनदा वर येतो, एकदा कॉम्प्रेशनला आणि एकदा एक्झॉस्टच्या शेवटी. दुसऱ्या वेळी दोन्ही व्हॉल्व्ह थोडे थोडे उघडे असतात, तिथे रॉकर घट्टच लागणार. त्या जागी सेट केलं तर सगळंच चुकलं. अजून एक पूर्ण फेरी मारा, परत टी जुळवा आणि दोन्ही रॉकर बोटाने टक टक हलतायत का बघा.

खात्री करायला सोपा मार्ग, क्रँक थोडा पुढे मागे हलवा, कॉम्प्रेशनच्या टॉपवर असाल तर क्रँकबरोबर दोन्ही रॉकर खाली-वर होत नाहीत. स्पार्क प्लग आधीच काढून ठेवा, म्हणजे क्रँक हलकी फिरते आणि खूण ओलांडून उडी मारत नाही. फिरवायचं ते क्रँकच्या नटला सॉकेट लावून, इंजिन ज्या दिशेने फिरतं त्याच दिशेने, सेल्फ मारून नाही. खूण पुढे गेली तर उलटं फिरवून आणू नका, अजून दोन फेऱ्या मारून परत या. काही सिंगल सिलिंडर इंजिनांना ऑटो डिकॉम्प्रेशन असतं, ते एक्झॉस्ट व्हॉल्व्हला टॉपच्या आधी किंचित उचलून धरतं, अशा इंजिनाचं मॅन्युअल काय सांगतं तेच करा, मनाने करू नका.

प्रश्न : टॅपेटचा टक टक आवाज मला सहन होत नाही. ओळखीच्या एकाने गरम इंजिनावर कानाने ऐकत ऐकत टाईट करून दिलं, आता इंजिन एकदम शांत आहे, पण सकाळी स्टार्ट व्हायला त्रास देते आणि लांब चालवल्यावर सिग्नलला बंद पडते. कार्बोरेटर साफ केला, प्लग बदलला, काही फरक नाही.

उत्तर : कार्बोरेटरला हात लावू नका आता. तुम्ही जे लिहिलंय ते बघता टॅपेट गरजेपेक्षा जास्त टाईट झालेत, आणि हे उत्तर वाचल्यावर जमेल तितक्या लवकर ते सेट करून घ्या, तोपर्यंत लांब जाऊ नका असं कळकळीने सांगतो.

गॅप ठेवतात तो धातू तापून वाढतो म्हणून. व्हॉल्व्ह, रॉकर, हेड सगळं तापतं पण सारखं नाही वाढत, त्यासाठी थोडी मोकळीक लागते. ती मोकळीक संपली की तापल्यावर व्हॉल्व्ह आपल्या सीटवर, म्हणजे हेडमधल्या बसायच्या कड्यावर, पूर्ण बसतच नाही, कॉम्प्रेशन गळतं, म्हणून स्टार्टिंगचा त्रास आणि गरम झाल्यावर आयडलिंग बसणं. पण त्याहून मोठी गोष्ट एक्झॉस्ट व्हॉल्व्हची आहे. पेटलेला गॅस त्याच्या अंगावरून जातो आणि ती उष्णता बाहेर टाकायचा त्याचा मुख्य रस्ता म्हणजे सीटला टेकणं. टेकायलाच मिळालं नाही तर तो जळतो, कडेला तुकडा उडतो, मग हेड खोलण्याशिवाय मार्ग राहत नाही. म्हणूनच बहुतेक इंजिनांत एक्झॉस्टचा गॅप इनटेकपेक्षा जास्त दिलेला असतो.

जास्त ढिला गॅप वाईटच, व्हॉल्व्ह उशिरा उघडतो, कमी उघडतो, कॅम आणि रॉकर ठोके खाऊन झिजतात. पण तो आवाज करून सांगतो तरी. टाईट टॅपेट काहीच बोलत नाही आणि आतून नुकसान करत राहतो. थोडी बारीक टक टक हा त्या इंजिनाचा स्वभाव आहे, ती कानाने मिटवायची गोष्ट नाही, आणि कानाला 0.05 आणि 0.08 मधला फरक कळत नाही, त्यासाठीच गेज आहे.

सेट करताना इंजिन थंड हवं, मॅन्युअलने वेगळं सांगितलं नसेल तर. होंडाच्या बऱ्याच मॅन्युअलमध्ये 35 अंश सेल्सिअसच्या खाली असं स्पष्ट लिहिलेलं असतं. रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी चालू करायच्या आधी करा. आणि गॅप बरोबर ठेवूनही आवाज राहिला तर तो टायमिंग चेनचा, रॉकरच्या शाफ्टचा किंवा इंजेक्शनवाल्या बाइकवर इंजेक्टरचाही असू शकतो, त्याची शिक्षा टॅपेटला देऊ नका.

प्रश्न : माझ्या चार सिलिंडरच्या बाइकला स्क्रू नाहीतच, शिम (गॅप ठरवणाऱ्या छोट्या चकत्या) आहेत. दोन एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा गॅप कमी भरलाय. स्पेशल टूल लागेल का, का स्क्रू ड्रायव्हरने बकेट (व्हॉल्व्हच्या डोक्यावरची वाटी) दाबून शिम काढता येईल?

उत्तर : स्क्रू ड्रायव्हर लांब ठेवा. तो कॅमवर टेकून दाबला की कॅमवर ओरखडा पडतो, आणि कॅमचा पृष्ठभाग एकदा खरवडला की त्याला पॉलिश मारून भागत नाही.

आधी हे बघा की शिम बकेटच्या वर आहे का खाली. वर असेल तर त्या इंजिनासाठी बकेट दाबून धरणारं टूल असतं, ते बकेटच्या फक्त कडेवर टेकतं आणि शिम मोकळा राहतो. बकेटच्या कडेला एक खाच असते, टूल लावायच्या आधीच बकेट फिरवून ती खाच तुमच्या बाजूला आणा, नाहीतर दाबून झाल्यावर शिम उचलायला जागाच मिळत नाही. शिम तेलाने चिकटलेला असतो, बारीक टोकाने सोडवायचा आणि मॅग्नेटने उचलायचा. बकेटमध्ये शिम नसताना क्रँक फिरवू नका, कॅम थेट बकेटच्या कडेवर आला तर ती तुटते.

शिम खाली असेल, आजकालच्या बऱ्याच इंजिनांत तसंच असतं, तर कॅम काढावाच लागतो आणि मग खरं हत्यार म्हणजे मायक्रोमीटर आणि कमी रेंजचा टॉर्क रेंच. आधी टायमिंगच्या खुणांचे फोटो काढा, चेन टेन्शनर काढा, चेन तारेने वर बांधून ठेवा नाहीतर ती खाली पडते, आणि चेनच्या बोगद्यात स्वच्छ कापड कोंबा. कॅमच्या कॅपचे बोल्ट थोडे थोडे, आलटून पालटून सोडायचे. एका बाजूचे आधी पूर्ण सोडले तर स्प्रिंगच्या दाबाने कॅप तडकते, आणि कॅप हेडबरोबरच बोअर केलेल्या असतात, सुटी कॅप दुसरी आणून बसत नाही.

काढलेला शिम मायक्रोमीटरने मोजा, त्याच्यावर छापलेल्या आकड्यावर विसंबू नका, तो पुसलेला असतो किंवा शिम झिजलेला असतो. व्हर्नियर इथे पुरत नाही, त्याची बारकाई साधारण 0.02 मिमी आणि शिम येतात 0.05 च्या, काही ठिकाणी 0.025 च्या पायरीने. मग हिशोब, जुना शिम अधिक मोजलेला गॅप वजा हवा असलेला गॅप. समजा जुना 1.85, मोजलेला गॅप 0.12, हवाय 0.20, तर नवा 1.77 येतो. 1.77 चा मिळणार नाही, 1.75 चा घ्या, गॅप 0.22 होईल. ते तुमच्या मॅन्युअलच्या मर्यादेत बसतंय का बघा, बसत असेल तर ढिल्या बाजूला राहिलेलं बरं, कारण शिमच्या इंजिनात व्हॉल्व्ह सीटमध्ये रुतत जातो आणि गॅप पुढे सहसा कमीच होत जातो. शिम घासून पातळ करायचा सल्ला कोणी देईल, नको. त्याचा वरचा कडक थर जातो आणि दोन्ही बाजू समांतर राहत नाहीत.

सगळं बसवून झालं की हाताने क्रँकच्या दोन पूर्ण फेऱ्या मारा, खुणा परत जुळतायत ना बघा, सगळे गॅप परत मोजा आणि प्रत्येक व्हॉल्व्हचा गॅप आणि शिम वहीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी त्या वहीवरून कळेल कुठला व्हॉल्व्ह किती वेगाने टाईट होतोय.

प्रश्न : जुनी कास्ट आयर्न इंजिनची बुलेट आहे, तिला फिलर गेज कुठे घालायचं तेच कळत नाही.

उत्तर : घालायचंच नाही. त्या पुशरॉडच्या (खालच्या कॅमचा जोर वर रॉकरपर्यंत नेणाऱ्या दांड्याच्या) इंजिनात थंड असताना गॅप शून्य ठेवतात. कॉम्प्रेशनच्या टॉपवर आणा, टॅपेटचं झाकण उघडा, पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे पण वर-खाली अजिबात हलायला नको. इथे टूल म्हणजे पातळ पाने, एक खालचा टॅपेट धरायला, एक लॉकनटला, एक वरच्या ॲडजस्टरला. साधे जाड पाने त्या जागेत एकावर एक मावत नाहीत. नट आवळल्यावर पुशरॉड परत फिरवून बघा, घट्ट झाला असेल तर पुन्हा सुरुवात करा. नंतरच्या युसीई (युनिट कन्स्ट्रक्शन) इंजिनच्या बुलेटला तेलाच्या दाबाने गॅप आपोआप सांभाळणारे हायड्रॉलिक टॅपेट आहेत, तिथे हे काही करायचं नसतं.

प्रश्न : टॅपेटचं आट्यांचं झाकणच फिरत नाही, त्याचे कोपरे मारले गेलेत. छन्नी आणि हातोडी लावू का?

उत्तर : नको, खालचं हेड ॲल्युमिनियमचं आहे, आटे गेले तर काम दहापट वाढेल. सहा कोनांचं, अचूक मापाचं सॉकेट वापरा, बारा कोनांचं उरलेसुरले कोपरेही खातं. गंज सोडवणारं तेल घालून थोडा वेळ थांबा, सॉकेट बसवून त्याच्यावर हलके ठोके द्या, मग एका सरळ जोराने सोडवा. निघालं की नवीन झाकण घ्या, ओ-रिंग चपटी झाली असेल तर तीही बदला, आणि बसवताना आट्यांना नि ओ-रिंगला इंजिन ऑइल लावून आधी पूर्ण हाताने फिरवा, सॉकेट फक्त शेवटच्या आवळण्यापुरतं.